दारातल्या ताई

ताईंबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या नोंदीमुळे त्यांचं काम सुटलं, ती माझ्या अक्षरात आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच क्षमा करावी.

पेणच्या आमच्या संस्थेत त्यांच्या टेबलावर ‘समता व समावेशन प्रमुख’ अशी पाटी होती. वाडीतल्या कातकरी बाया मात्र त्यांना ‘दारातल्या ताई’ म्हणत. या बाया सभेला आल्या तरी आत शिरत नसत, ओटीवरच टेकत. ‘आत या’ असं ताई कधी म्हणाल्या नाहीत. त्या स्वतः उंबऱ्याशी बसत आणि आतल्यांना सांगत, “अध्यक्ष, खुर्च्या जरा फिरवून घ्या. आजची सभा दाराकडून हाय.” मग सगळे पुरुष खुर्च्या सरकवत आणि अध्यक्ष मानेला हात लावत.

त्या मूळच्या रोह्याकडच्या, वालाच्या शेतात वाढलेल्या. मी मिठागरात राबणाऱ्या घरातला. मी अर्धवेळ कामाला आलो तेव्हा त्यांनी विचारलं, घरात कॉलेजला जाणारा पहिलाच का? मी जरा ताठ होऊन हो म्हणालो. तर त्या म्हणाल्या, तुझ्याबरोबर पहिलीत बसलेल्यांची नावं सांग, आणि त्यातलं कोण कुठे अडलं तेही सांग. चार नावांनंतर मी अडखळलो. त्यांनी घाई केली नाही. टेबलावरच्या शेंगा माझ्याकडे सरकवून त्या वाट बघत राहिल्या.

सभेची नोंद लिहायला त्यांनीच मला शिकवलं. “बोलणाऱ्याचं कुणीही लिहितं. गप्प बसलेल्याचं तू लिही,” असं त्या म्हणायच्या. म्हणून आमच्या वहीत ‘बोलले नाहीत’ असा एक रकाना असे. बाहेरचे पाहुणे त्याला हसत. एका साहेबांनी विचारलं, न बोलणाऱ्यांचं काय मत असणार? ताई म्हणाल्या, “तुमच्या घरी विचारून बघा.” साहेबही हसले, पण जरा उशिरा.

रोह्यातलं मुलांचं वसतिगृह बंद करायची सभा झाली, त्या दिवशी ताई अलिबागहून येताना वडखळच्या वाहतुकीत अडकल्या. आई-बाप वीटभट्टीवर गेले की वाडीतली पोरं त्या वसतिगृहात राहून शिकत. अध्यक्षांनी बायांना विचारलं, पोरं तुमच्याजवळच राहिली तर बरं, नाय का? कुणी बोललं नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्याकडेही शेठच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत, खाली बघतात. पण अध्यक्ष माझ्या खांद्याशी उभे राहून म्हणाले, “लिही, सर्वानुमते.” त्यांनी मला कायम करायचं कबूल केलं होतं. मी लिहिलं. रकाना कोरा ठेवला.

ताई पोचल्या तेव्हा अंगठे उठवून झाले होते. त्यांनी वही वाचली आणि कोण कोण गप्प होतं ते विचारलं. मी अकरा नावं तोंडपाठ सांगितली. त्यांनी वही मिटली. “नावं ठाऊक होती तर,” एवढंच म्हणाल्या.

पुढे त्याच बाया पेणला चालत आल्या आणि पैसे देणाऱ्या संस्थेच्या माणसांना म्हणाल्या, आम्ही व्हय म्हटलंच नव्हतं. पण तोवर वसतिगृहाची जागा सोडली होती आणि पोरं भट्टीवर गेली होती. चौकशी लागली. आठवड्यात ताईंनी राजीनामा दिला. मला वाटलं, माझा राग आला म्हणून. पेणच्या स्टँडवर मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरलास का, असं विचारलं. भरला म्हणालो. तेवढ्यात रोह्याची गाडी लागली.

मी पदवीधर झालो. नोकरीही टिकली. चौकशीत मला कुणी बोलावलं कसं नाही, याचा विचार मी टाळत होतो.

परवा रोह्याला वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशी भेटल्या. त्यांच्याकडून कळलं की चौकशीत अध्यक्षांनी सगळं माझ्यावर ढकललं होतं, पोराने मनानेच लिहिलं म्हणून. तेव्हा ताई उठून म्हणाल्या, मी वाटेत अडकले होते, त्याने माझ्या फोनवरच्या सांगण्यावरून लिहिलं.

“आम्हाला बजावलानी, त्याला सांगू नका, पेपर हायेत त्याचे,” मावशी म्हणाल्या. मी ताईंचा पत्ता विचारला. मावशींनी पिशवी खाली ठेवली.

“शिमग्याच्या आधीच गेल्या रे त्या. तुला नाय कळलं?”