डोंगरावरच्या देवळातला मधू

मीराचा फोन आला तेव्हा मी इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या एका गार्डन सेंटरमध्ये खताची पोती ट्रॉलीवर चढवत होतो. मीरा म्हणजे माझा मित्र डॉक्टर मधुकर, आमचा मधू, त्याची मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, क्रॉयडनला नोकरी करते. "काका, बाबाचा हार्ट थांबला," ती म्हणाली. मी म्हणालो, "मग बाबाला फोन दे, तो सांगेल काय करायचं." कुणाचं काही दुखलंखुपलं की आधी मधूला फोन करायचा ही आमच्या सगळ्यांची इतक्या वर्षांची सवय. पलीकडे ती रडायला लागली. सकाळी स्लाऊच्या घरी चहा पिता पिता, खुर्चीतच गेला होता. त्यानंतर ती पोती मी तिथेच सोडली की घरी आणली, मला आठवत नाही. आता गॅरेजमध्ये आहेत, म्हणजे आणली असावीत.

इकडे माणूस गेला की लगेच काही होत नाही. क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि त्या रिकाम्या दिवसांत घरच्यांना सगळे प्रश्न पडतात. फ्यूनरल डायरेक्टर नावाचा अतिशय नम्र गृहस्थ घरी येऊन विचारून गेला होता, सर्व्हिस धार्मिक हवी की साधी? मीराने लगेच सांगितलं, साधी. "काका, बाबाने मला दोनदा सांगितला, नो रिच्युअल्स. व्हेरी क्लिअर." वहिनी, म्हणजे मधूची बायको, चहाचे कप उचलून आत गेल्या. पण मी निघताना दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, थायलंडला तुम्ही होतात यांच्याबरोबर. तिथे काही बोलले होते का हो?" माझी बूट घालता घालता पंचाईत झाली, कारण तो बोलला होता. आणि जे बोलला होता ते मीराला सांगितलेल्याच्या बरोबर उलट होतं.

मधूला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. महाडजवळच्या खेड्यातून शिकून इथल्या हॉस्पिटलात आला आणि जन्मभर लोकांना भूल देत राहिला. "मी लोकांना झोपवतो, तुमचे गुरुजीही झोपवतात, फरक एवढाच की मी नंतर उठवतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गणपतीला मंडळाच्या हॉलवर यायचा तो मोदकांसाठी, आणि आरती होईपर्यंत कार पार्कमध्ये उभा राहायचा. पिंडाला कावळा शिवतो यावर म्हणायचा की ठीक आहे, दुसरा एक पिंड साध्या भाताचा ठेवा, कावळ्याला सांगू नका, मग बघू. वहिनींचं देवघर त्याने कधी हलवलं नाही, पण त्यासमोर उभाही राहिला नाही. त्याची आई गेली तेव्हा तो इंग्लंडच्या उत्तरेला नवा नवा डॉक्टर होता, ऑन कॉल होता. गेला नाही. नंतरही तिचं वर्षश्राद्ध वगैरे त्याने कधी केलं नाही. याबद्दल मी एकदा विचारलं तर "पास द पापड" म्हणाला, आणि विषय संपला.

थायलंडला आम्ही दोघेच गेलो, कारण वहिनींचा गुडघा नुकताच बदलला होता आणि माझी बायको म्हणाली की डोंगरात हिंडायचं तर तुमचं तुम्ही हिंडा. मधूला समुद्रकिनारे नको होते. त्याने नकाशात पार वर, म्यानमारच्या हद्दीला टेकलेला मे हाँग सोन नावाचा प्रांत शोधून काढला होता. सगळे डोंगरच. रस्ता इतका वळणावळणाचा की भूलतज्ज्ञ स्वतः पिशवी तोंडाशी धरून बसला होता आणि आमची ड्रायव्हर, नोई नावाची पन्नाशीची हसरी बाई, आरशातून बघून त्याला आल्याच्या गोळ्या देत होती. सकाळी दरीत धुकं भरलेलं असायचं, मग दहाच्या सुमारास एकेक देवळाचं छप्पर वर यायचं. पाइनच्या झाडांत लपलेलं एक तळं पाहिलं, धबधबा पाहिला, भातखाचरांवरून जाणाऱ्या बांबूच्या पुलावरून चाललो. एका गुहेत हातभर लांबीचे निळसर मासे होते, ते कुणी पकडत नाही, मारत नाही. मधू काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अव्या, हे तर आमचं वाळण कोंड." त्याच्या गावाजवळच्या नदीत असेच मासे आहेत, देवीचे. आई त्यांना चुरमुरे घालायची म्हणाला. मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून आईचा उल्लेख ऐकला नव्हता.

गावाच्या डोक्यावर टेकडी आहे, तिच्यावर दोन पांढरे स्तूप आणि देऊळ. तिथे एका ओसरीत बुद्धाच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, प्रत्येक वाराची वेगळी. कुणी उभा, कुणी आडवा, शनिवारचा नागाच्या फण्याखाली बसलेला. तुम्ही ज्या वारी जन्मलात त्या बुद्धापुढे फूल ठेवायचं, नोईने सांगितलं. मी माझ्या सोमवारापुढे ठेवलं. मधू थट्टेच्या मूडमध्ये होता. "बघ रे फोनवर, एक जून कोणता वार होता माझ्या साली." मी बघून सांगितलं, गुरुवार. तो फूल घेऊन गुरुवारच्या ध्यानस्थ बुद्धापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

आपल्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो हे मी वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बसवून दिलेली तारीख. मधूचीही तीच होती. पासपोर्टवर तीच, पेन्शनवर तीच, दरवर्षी मीरा केक आणायची तोही त्याच दिवशी. "हा माझा वार नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी गोंधळलेल्या चेहऱ्याने, "अव्या, माझा वार कोणता? ते आईला माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही." फूल हातात धरून तो त्या ओळीसमोरून इकडून तिकडे जात राहिला. प्रत्येक मूर्तीपुढे क्षणभर थांबायचा. मला आधी हसू आलं, मग येईना.

नोईला वाटलं की याला कुणा गेलेल्या माणसाची आठवण झाली आहे. तिने त्याला आत नेलं. तिथे एक भिक्षू बसले होते, त्यांच्यासमोर दोन-चार गावकरी. प्रत्येकाच्या हातात पितळेचं छोटं भांडं आणि खाली वाटी. भिक्षू मंत्र म्हणत होते आणि ही माणसं भांड्यातलं पाणी बारीक धारेने वाटीत सोडत होती. आपलं पुण्य गेलेल्यांना पोचावं म्हणून, नोई कानात म्हणाली. मला वाटलं आता मधू काहीतरी बोलणार, आणि मी त्याचं कोपर धरायला हात पुढे केला. पण त्याने भांडं घेतलं. सगळ्यांची पद्धत बघून, जमिनीवर कसाबसा मांडी घालून, पाणी सोडलं. मग ती वाटी घेऊन बाहेर झाडाच्या बुंध्याशी ओतायची असते, तिथेही तो गेला. बराच वेळ पाठमोरा उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "मी गेल्यावर कुणीतरी माझ्यासाठी एवढं केलं तर मला चालेल. तू कर." मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार?

आणि संध्याकाळी नूडल्स खाताना हाच माणूस म्हणाला, "दुपारचं विसर रे. उंचीवर ऑक्सिजन कमी पडतो, माणूस काहीही बोलतो." मी म्हटलं, मधू, ही टेकडी महाबळेश्वराएवढीसुद्धा उंच नाही. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे कधी तो विषय निघाला नाही. पुढच्या गणपतीत तो पुन्हा कार पार्कमध्येच होता.

तर हे सगळं मी दोघींना सांगितलं. झाडाजवळचं सांगितलं आणि नूडल्सचंही, काही न लपवता. मीरा म्हणाली, "काका, हॉलिडेवर सगळेच करतात असं. मीपण बालीमध्ये केला होता." तिचं चूक म्हणता येत नाही. तिला त्याने घरी, शुद्धीवर, दोनदा सांगितलं होतं. आणि मला डोंगरावर एकदाच, आणि तेही परत घेतलं होतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि "मीरा म्हणते तसं करू या" म्हणाल्या. त्याप्रमाणे झालं. एका बाईंनी कविता वाचली, हॉस्पिटलातले जुने सहकारी बोलले, शवपेटीपुढचा पडदा सरकला. सगळं नीटनेटकं, वेळेत. मी पहिल्या रांगेत बसून सारखा विचार करत होतो की यातला खरा मधू कोणता, आणि मित्र म्हणून मी कुणाचं ऐकायचं? एकाचं ऐकावं तर दुसऱ्याला दगा होतो. अजूनही मला ते सुटलेलं नाही. रागही येतो त्याचा. इतका स्पष्ट बोलणारा माणूस, नेमकं इथेच का असं करून ठेवलंस बाबा?

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो होतो. पाऊस लागला होता, इथला नेहमीचा, धड पडत नाही आणि थांबतही नाही. चहा झाला. वहिनी खिडकीतून मागच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एक सांगू? थायलंडहून आल्यापासून हे रोज सकाळी तांब्या घेऊन त्या झाडाला पाणी घालायचे. पावसातसुद्धा, छत्री धरून. मी म्हणायचे, अहो, वरून पडतंय की! तर नुसते हसायचे. मला वाटलं विसरायला लागलेत. आपल्या जीपी डॉक्टरांना गुपचूप विचारून आले मी, मेमरी टेस्ट करता येईल का म्हणून..." मी कप खाली ठेवला. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी झाडाजवळचं सांगितलंत ना, तेव्हापासून मला झोप नाही." मी मनात म्हटलं, असेल आईसाठी. किंवा नसेलही, झाडाला पाणी म्हणजे नुसतं पाणी असेल. मधूला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तरी त्याने काहीतरी फटकन ऑक्सिजनबद्दलच सांगितलं असतं.

वहिनी उठल्या, मागच्या दाराजवळच्या फळीवरचा तांब्या घेतला, नळाखाली भरला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हाला म्हणाले होते ना, तू कर?" मी म्हटलं, "पण वहिनी, काय म्हणायचं असतं ते मला येत नाही." त्या म्हणाल्या, "त्यांना तरी कुठे येत होतं?" मग मी पावसात गेलो आणि झाडाच्या बुंध्याशी पाणी घातलं. ओल्या मातीत ते लगेच दिसेनासं झालं. वहिनी दारात चपला काढून उभ्या होत्या, गुडघ्यावर एक हात. मी आत आलो तसा त्यांनी तांब्या माझ्याकडून घेतला, पुसला आणि परत फळीवर ठेवला.

"उद्यापासून मी घालेन," त्या म्हणाल्या. "फक्त मीराला बोलू नका. तिला वाटेल, आता आईचंही डोकं फिरलं."