काकूंचं नाव

आईला लाजताना मी शेवटचं पाहिलं ते अतिदक्षता विभागात. पक्षाघाताचा झटका येऊ नये म्हणून बाबांच्या मेंदूतल्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काका, या काकूंचं नाव सांगा." बाबा नुसते बघत राहिले.

"हे मला कधी नावानं हाक मारत नाहीत हो," आई पदर सावरत म्हणाली. "अगं म्हणतात."

आम्ही हसलो. डॉक्टरांनी खिशातलं पेन समोर धरलं. "हे काय?" बाबांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही.

घरातलं न बोलणं इतकं अंगवळणी पडतं, की त्यातलं मायेचं कुठलं आणि आजाराचं कुठलं, कळत नाही. जो झटका टाळायचा, तोच आला होता आणि आम्ही हसत होतो.

हल्ली आई रोज त्यांच्यासमोर बसते. म्हणते, "नाव राहू द्या. नुसतं अगं म्हणा."