गंगव्वाची कोंबडी

भूतबाधा, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. मी गुरांचा डॉक्टर. जनावर मेलं की ते का मेलं हे फाडून बघायचं, एवढंच आम्हाला मुंबईला शिकवलेलं. पण जे लिहितोय ते कोणाकडून ऐकलेलं नाही — माझ्याच हातून घडलंय.

माणसांतली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ येऊन गेल्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी सोलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात होतो. त्या उन्हाळ्यात अकलूजकडे खुराडीच्या खुराडी रिकामी व्हायला लागली. अक्कलकोटकडेही कोंबड्या माना टाकत, पण बऱ्याचशा पुन्हा उठत. वरून हुकूम आला — दोन्हीकडच्या आजारी कोंबड्यांच्या अंगातलं रोगाचं विष निरोगी कोंबड्यांना टोचा, कुठलं किती घातक ते कळवा.

निरोगी कोंबड्या मंद्रूपहून आणल्या. तिथं रोग शिरला नव्हता. गंगव्वा नावाची एक विधवा बाई अंडी विकून पोट भरायची, तिच्याकडच्या घेतल्या. त्यात एक उघड्या मानेची होती, उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं. तिच्या पायात मी स्वतः तांब्याची तार पिळून खूण केली आणि तिला अकलूजचं विष टोचलं.

अक्कलकोटच्या विषानं कोंबड्या नुसत्या मलूल झाल्या आणि सावरल्या. अकलूजच्या विषानं एकही वाचली नाही. तुरे काळे पडले, तोंडं सुजली, संपल्या. उघड्या मानेची मी टेबलावर फाडली. आत सगळीकडे रक्ताचे ठिपके. तिचं काळीज काढून घेतलं — पुढच्या टोचणीसाठी वाटून, गाळून ठेवायला. बाकीचं आमच्या इस्माईलभाई शिपायानं माझ्यादेखत खड्ड्यात पुरलं, वर चुना पसरला.

दुसऱ्या दिवशी गिरण्यांचे दुपारचे भोंगे होऊन गेल्यावर गंगव्वा दवाखान्यात आली. पदराखाली कोंबडी. आम्ही सोडून दिली असं तिला वाटलं होतं.

"हिला कशाला सोडलीत सायेब? सकाळी दारात हुबी हुती की."

उघडी मान. तुटलेलं बोट. पायात माझी तार, माझाच पीळ. मी पोटावरची पिसं बाजूला केली... कातडी अखंड. टाक्याचा नाही, ओरखड्याचासुद्धा माग नाही.

इस्माईलभाई दारातच थबकला. "मैंच गाड्या साब, येच हातां से," एवढंच म्हणाला.

आम्ही खड्डा उकरला. चुन्याचा थर जसाच्या तसा होता. खाली बाकीच्या होत्या. ती नव्हती.

तरी मी मनाला समजावत होतो, दुसरी कोंबडी असेल, कोणीतरी थट्टा केली असेल. खात्री करायला एकच उपाय होता. ज्या कोंबडीला हा रोग झालेला नाही ती या विषानं मरते. जी एकदा त्यातून उठली, तिला पुन्हा बाधत नाही. मंद्रूपात रोग नव्हताच; म्हणजे ही जगली, तर ही तीच. मी गंगव्वाला सगळं सांगितलं — फाडल्याचंही. ती बराच वेळ कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"येकदा मारलीत न्हवं तिला? मग पुन्यांदा कशाला?"

हिच्या अंगात रोग असेल तर गावातली एक कोंबडी उरणार नाही, असं मी म्हणालो. मग तिनं स्वतःच कोंबडी माझ्यापुढं धरली. मी तिला टोचलं, आणि सोबत एका ताज्या पांढऱ्या कोंबडीला. बाटलीतलं ते विष मी फाडलेल्या उघड्या मानेच्या कोंबडीच्याच काळजाचं होतं.

पांढरी मेली. ही दाणे टिपत राहिली. मात्रा वाढवून पाहिली, तरी तेच.

रोग पसरायची भीती टळेपर्यंत मी तिला दवाखान्यातच वेगळी ठेवली. मग गंगव्वा न्यायला आली. मी सांगितलं, ही त्या रोगातून उठलेली आहे, यात शंका नाही. तिनं कोंबडी पदराखाली घेतली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मग सायेब, हिला जगली म्हनू का मेली म्हनू?"

जनावर जिवंत की मेलेलं हे सांगायचीच माझी नोकरी... दवाखान्याच्या वहीत तिच्यापुढचा रकाना मी कोरा सोडला. आजही मला सांगता येत नाही.