आधी आबांचं हाड

मांडवगण फराट्याला रखमाजीआबांचं सायकलचं दुकान आहे, आणि त्या दुकानाचा एक कायदा आहे. ब्रेकचं काम केलेली सायकल आधी आबा स्वतः चालवतात. दुकानामागं नदीकडं उतार जातो. त्यावरून सुसाट खाली यायचं, तळाच्या बाभळीला वळसा घालायचा, पाण्याच्या अलीकडं थांबायचं, मगच सायकल गिऱ्हाइकाच्या हाती. "आधी माजं हाड, मग तुमचं," आबा म्हणतात.

कायदा आबांचा असला तरी तो काढला त्यांच्या बायकोनं, बानूबाईंनी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आबांनी मेव्हण्याची सायकल दुरुस्त करून तशीच दिली. उतारावर ब्रेक काही लागला नाही. मेव्हणा खांद्याचं हाड मोडून घेऊन महिनाभर बहिणीच्या हातच्या भाकरी खात बसला. त्याचं हाड कधीच जुळलं, पण बानूबाईंच्या लेखी अजून नाही. पुढं स्वतः चालवून बघितल्याशिवाय सायकल द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं आणि तेव्हापासून चाळीस वर्षं आबांच्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही. चहासुद्धा उंबऱ्याबाहेरून देतात.

तर या दुकानात शनिवारी सकाळी धनश्री आली. वस्तीवरच्या हनुमंताची लेक, शिरूरला कॉलेजात शिकते. तिच्या हातात शर्यतीची जुनी सायकल होती. हँडल असं, की एडक्याची शिंगंच लावलीत म्हणावं.

"आबा, उद्या दौंडला शर्यत हाय. ब्रेक लई कडक लागतोय. तिथं आधी ब्रेक बघतात, असला असंल तर बाजूला काढतात."

"अगं, असली सायकल पुण्याला न्यायची सोडून माज्याकडं?"

"पुण्यात ब्रेक बसवून देतील, पण उतारावर बघून कोण देणार?"

झालं. आबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. धनश्रीनं नव्या केबल आणल्याच होत्या. आबांनी हँडलवरची पट्टी सोडवली, जुन्या केबल ओढून काढल्या आणि नव्या आपल्या पद्धतीनं बसवल्या. आबांची पद्धत म्हणजे आखूड आणि आवळून. इकडच्या सायकली उसातून जातात, लोंबती केबल पाचटात अडकते, म्हणून बोटभरही जास्त ठेवायची नाही. हँडल सरळ धरून ब्रेक दाबून बघितला. जरा कडक होता, पण लागत होता. नवा आहे, सैलावेल, असं म्हणून आबा धोतर खोचून वाकड्या हँडलवर ओणवे झाले आणि उतारावर सुटले.

बाभळीपाशी हँडल वळवलं मात्र, आखूड केबल ताणली गेली आणि ब्रेक आपोआप लागला. सायकल जागच्या जागी थांबली, आबा थांबले नाहीत. नशीब, पुढं पाचटाचा ढीग होता. गुडघा तेवढा सुजला.

धनश्रीनं त्यांना धरून दुकानापर्यंत आणलं. बानूबाई हळदीचा लेप घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथूनच त्यांनी सायकलीकडं बघितलं.

"ठिबकची नळी आवळून वळवली की मला काय म्हणता?"

"मोड पडंल म्हणतो," आबा पुटपुटले.

"मोड पडला की पाणी अडतं. मंग हितं काय येगळं हाय?"

 आबांना हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. सगळ्या गावाला ठिबकची नळी वळवायला आपण शिकवायचं आणि इथं तारेचा गळा आवळायचा. बरं, आणखी एक जोड केबल धनश्रीच्या पिशवीत होती. या खेपेला आबांनी केबलवरच्या नळीचं टोक सरळ कापून कानशीनं घासलं, हँडलच्या बाकाबरोबर ती ऐसपैस फिरवली, पुढं मोठं गोल वळण सोडलं. हँडल पुरतं डावीकडं, पुरतं उजवीकडं वळवलं. केबल कुठं ताणेना की मुडपेना. ब्रेक दोन बोटांनी लागला आणि चटकन सुटला.

पण उतार राहिलाच होता. आबांनी पाय उचलला, तो सायकलीवरून जाईना.

"मी बसते आबा," धनश्री म्हणाली.

"तुजं हाड आधी? चाळीस वर्सांत झालं न्हाई ते."  सायकल द्यावी तर कायदा मोडतो, न द्यावी तर पोरीची शर्यत जाते.  मग आबा लंगडत खाली गेले आणि बाभळीच्या पलीकडं, पाण्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"ये आता," त्यांनी वर हाळी दिली. "ब्रेक न्हाई लागला तर पयला मीच हाय."

बानूबाई पदर खोचून तरातरा उतार उतरल्या. आता ही ओढून नेणार, असं आबांना वाटलं.

"कामावर भरोसा हाय न्हवं?" बानूबाईंनी विचारलं.

"हाय."

बानूबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

धनश्री वरून सुटली. बाभळीला झोकात वळसा घातला, दोन बोटं दाबली, आणि पुढचं चाक बानूबाईंच्या पायांपासून हातभर अलीकडं थांबलं. आबांचे डोळे भरून आले, ते त्यांनी मुंडाशाच्या टोकानं पुसले.

बानूबाईंनी चाकाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"जुळलं म्हणायचं माज्या भावाचं हाड," त्या म्हणाल्या, आणि आबांना हाताला धरून दुकानात घेऊन गेल्या.