शिंपीअण्णांची हाक

तीन मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शिंपीअण्णांनी आपले शिलाई मशीन भिंतीपासून दूर ओढले. मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या ओळी होत्या : तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणता हात आधी आखडला. माझ्या नातीला, सुजाताला, आलेल्या प्रत्येक आकडीची ती नोंद होती. दारात टेम्पो उभा होता. अण्णा म्हणाले, "सर, चुना मारताना एवढं सोडून मारा."

अण्णा अकरा वर्षे आमच्या सीमाभागातल्या मंठाळच्या घरातील रस्त्याकडच्या खोलीत भाड्याने होते. मूळचे निंबर्ग्याचे, त्यांची घरची भाषा कन्नड. गळ्यात टेप, कानावर खडू, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. मापाशिवाय ते कशावरही मत देत नसत. गिऱ्हाईक म्हणाले, "अण्णा, जरा ढिलं ठेवा," की विचारीत, "जरा म्हंजे किती बोटं?"

सुजाता चौदा महिन्यांची असताना तिला पहिली आकडी आली, ती त्यांच्याच खोलीच्या उंबऱ्यावर. कोणी कांदा फोडून आणला. कोणी चप्पल हुंगवायला पुढे केली. दातखीळ उघडावी म्हणून मी चमचा घेऊन धावलो. अण्णांनी माझे मनगट धरले. मुलीला कुशीवर वळवले, शिवायला आलेल्या कापडाची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली आणि घड्याळाकडे पाहत बसले. "तोंडात काय बी घालू नगा, सर. माझ्या धाकट्या भावाचे दोन दात असेच गेले." मी चाळीस वर्षे शाळेत शिकवले. हात धरून मला कोणी थांबवण्याची ती पहिली वेळ.

सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारले, "किती वेळ टिकली?" माझी सून, सुजाताची आई रेखा म्हणाली, "लई वेळ." मी म्हणालो, "पाच-दहा मिनिटे असावीत." मग रेखाने अण्णांनी दिलेली चिठ्ठी काढली. दोन मिनिटे दहा सेकंद; उजवा हात आधी. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या शिंप्यानं."

"पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन या."

तपासण्या पुष्कळ झाल्या. औषधाने आकड्या विरळ झाल्या, थांबल्या नाहीत. सुजाता उशिरा चालू लागली, बोलेना, नजरेला नजर देईना. कारण विचारले की नवी तपासणी लिहून मिळे. फाइलमध्ये 'निदान' या शब्दापुढची जागा अजून रिकामी आहे.

ती रिकामी जागा मी माझ्या मताने भरली. सुजाता तीन वर्षांची झाली तरी एक शब्द नव्हता. मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. घरात मराठी, अण्णांची कन्नड, रस्त्यावर दखनी उर्दू; दुबळ्या डोक्यावर तीन भाषांचे ओझे पडते, असा निष्कर्ष मी काढला. हे कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. मी अण्णांना म्हणालो, "यापुढे हिच्या कानांवर फक्त मराठी पडली पाहिजे."

अण्णा मराठी चांगली बोलत. पण मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "लेकरासंगं मला दुसऱ्या भाषेत बोलायला येत न्हाई, सर. मी गपच बसतो." आणि बसले. सुजाता पूर्वीसारखीच मशीनजवळ चिंध्यांशी खेळे. अण्णा तिच्याकडे पाहून काम करीत. त्यांचे बोलणे बंद झाले, खडू बंद झाला नाही.

सात महिन्यांनी डॉक्टरांनी विचारले, "हाक मारली की वळून बघते का?" मी नाही म्हणालो. रेखा खाली पाहत म्हणाली, "आधी बघायची. अण्णा 'बारव्वा' म्हणायचे, तेव्हा वळायची." बारव्वा म्हणजे 'ये गं आई'. हे मी प्रथमच ऐकत होतो.

"मग आता?" डॉक्टरांनी विचारले. रेखाने माझ्याकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, भाषांनी काही बिघडत नाही. ज्याच्या हाकेला ती वळते, त्याला बोलू द्या. परतीच्या बसने उमरगा सोडल्यावर मी रेखाला विचारले, "मला आधी का सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं न्हाई, मामा."

घरी पोहोचताच मी अण्णांच्या खोलीत गेलो. "अण्णा, माझी चूक झाली. बोला तिच्याशी."

"सात महिने हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलाव मला," ते म्हणाले. "आता सुट्टी झाली म्हणायची का?" मग खाली वाकून त्यांनी हाक मारली. सुजाता वळली नाही. अण्णांनी मान हलवली आणि बॉबिन भरायला घेतली. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी ते एकदा हाक मारीत. नवव्या दिवशी ती वळली. अण्णांनी भिंतीवर आकडीच्या नोंदींपासून दूर एक बारीक रेघ ओढली. त्या रेघेजवळ काही लिहिले नाही.

गेल्या वर्षापासून अण्णांना सुईचे नाक दिसेना. उपचारांना उशीर झाला होता. निंबर्ग्याहून लेक न्यायला आली.

मशीन टेम्पोत चढल्यावर त्यांनी कानावरचा खडू काढून माझ्या हातात दिला. "हाक आता तुम्ही मारायची, सर."

"माझी कन्नड अशुद्ध आहे."

"ती काय शुद्धलेखन तपासायलीय का?"

ते सुजाताजवळ बसले. टेपने तिची उंची घेतली, आकडा लेकीला टिपून घ्यायला सांगितला, आणि उठले. टेम्पो साडेअकराला गेला.

दिवसभर सुजाता रिकाम्या खोलीत मशीनच्या जागेसमोर बसून होती. सात वाजता मी औषध मोजून तिला पाजले. भिंतीवर शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि पुढे लिहिले : आकडी नाही. मग, चार भिंतींखेरीज कोणी ऐकत नाही असे पाहून, म्हणालो, "बारव्वा."

ती वळली नाही.

मी आतून माझी खुर्ची आणली आणि मशीनच्या जागी ठेवली.