लिटरला साडेचौदा

"उतरा, जरा पाय मोकळे करा."

आमचे ड्रायव्हरमामा हे इतक्या मायेने म्हणत की नवख्याला वाटावं, या माणसाला आपल्या पायांची केवढी काळजी! काळजी पेट्रोलची होती. मोठा चढ आला की मामा जीप थांबवत, मागे वळून हसत आणि हे वाक्य टाकत. मग लसीचा डबा तेवढा जीपमध्ये आणि आम्ही सगळे रस्त्यावर. हलकी झालेली जीप घरघरत वर जाई, आम्ही धापा टाकत तिच्या मागे. वर पोचलो की मामा दार उघडून उभेच असत. "बसा. दमला असाल."

ही गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला आमचं आरोग्य केंद्र होतं. मी तिथे आरोग्यसेवक. वाड्यावस्त्यांवर जाऊन लस टोचायची, गोळ्या वाटायच्या. जीप पेट्रोलवरची, जुनी, आणि पिण्यात पटाईत. लिटरला सहा किलोमीटर चालली तरी उपकार. मामा तिला 'म्हातारी' म्हणत, पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे.

ते उजव्या पायातली चप्पल काढून जीप चालवत. "पायाला पेट्रोल कळतं," म्हणायचे. उतार लागला की इंजिन बंद. मग जीप नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली सुटायची आणि आमचे डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी विचारलं, "मामा, ब्रेक लागतील ना?"

"लागत्याल की. पन ब्रेक मारला म्हंजे पेट्रोल वाया ग्येलं. आधी पेट्रोल जाळून पळायचं आन् मग थांबायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

मीही डोळे मिटायला शिकलो.

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांची वजनं करून ठेवली होती. कुणी कुठे बसायचं ते त्यावरून ठरे. सिस्टरबाईंना मात्र ते फार अदबीने सांगत, "बाई, तुमी मदोमद बसा. गाडी तोलात ऱ्हाती." बाई रागावत, पण बसत मधोमधच.

अशात जिल्ह्याहून पत्र आलं. जुन्या गाड्यांची चाचणी होणार. जी लिटरला साडेसहाच्या खाली, ती मोडीत. तिच्या जागी डिझेलची नवी जीप येणार, लिटरला बारा देणारी, आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर. म्हणजे मामांची बदली. त्यांचं घर केंद्राच्या अगदी समोर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "आमी दोगं बरुबरच रिटायर हुनार," हे ते जीपवर थाप मारून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पत्र आल्यावर सांगेनासे झाले. तेव्हा आम्हाला कळलं, हा माणूस आतून घाबरलाय.

चाचणीला नगरहून साहेब आले. जीपची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि साहेब स्वतः मामांशेजारी बसले. धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं, चाळीस किलोमीटर. परतले तेव्हा साहेबांचा सदरा घामाने भिजलेला होता. मामांनी त्यांनाही चढावर पाय मोकळे करायला लावले होते!

डॉक्टरांनी साहेबांना घरी जेवायला नेलं. मामा समोरच्या घरात भाकरी खायला गेले. टाकी जेवणानंतर पुन्हा भरायची आणि किती पेट्रोल मावतं ते मापाने मोजायचं, असं ठरलं. जीप आंब्याखाली एकटी उभी होती.

आता खरं सांगतो. मी किराणा दुकानातून लिटरभर पेट्रोलची बाटली आणली आणि कुणी नाही असं बघून म्हातारीच्या टाकीत रिकामी केली. दुकानदार बाटली देताना म्हणाला होता, "आज समद्यांच्याच गाड्या आटल्या का काय?" मी घाईत होतो. त्या बोलण्याकडे लक्ष दिलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

जेवण झालं. साहेबांनी लिटरचं माप हातात घेतलं. एक माप गेलं. दोन गेली. तिसरं पाऊण झालं आणि पेट्रोल काठाशी आलं. साहेबांनी आकडेमोड केली, पुन्हा केली आणि ओरडले, "साडेचौदा! लिटरला साडेचौदा!"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर कंपाउंडरकडे पाहत होते. कंपाउंडर सिस्टरबाईंकडे. बाई जमिनीकडे. चौघांच्या चार बाटल्या! एकच पुरली असती. डॉक्टर तर जेवता जेवता हात धुवायचं निमित्त करून उठले होते.

मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. अशी गाडी आणि असा ड्रायव्हर डोंगरात कुजवण्यात अर्थ नाही. दोघांनी नगरला हजर व्हावं, तिथल्या पोरसवदा ड्रायव्हरांना शिकवावं. ज्यासाठी बाटल्या ओतल्या, तेच आम्ही आमच्या हाताने घालवून बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "मी साहेबांना खरं सांगतो. काय व्हायचं ते होवो. पण आधी मामांना सांगायला हवं." आम्ही चौघं गेलो. मामा जीप पुसत होते.

"डाक्टर," आम्ही तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "घर सोडायचं लई जिवावर आलंय. पन इतकी वर्सं ह्या गाडीला समदे पेताड म्हनले. त्या दिशी तिनं दावलं. आता तिला वर बोलावलंय, तर न्हाई कसं म्हनू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सांभाळून जा." एवढंच. मला अजून वाटतं, सांगायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, कोणत्या तोंडाने?

निघाले त्या दिवशी आम्ही सगळे रस्त्यावर होतो. गावाबाहेरच्या चढापाशी जीप थांबली. मामी उतरल्या आणि डोईवर पदर घेऊन चालू लागल्या. जीप वर जाऊन त्यांच्यासाठी थांबली. मग दोघं दिसेनाशी झाली.

दोनेक महिन्यांनी मामांचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, पण बोलणं त्यांचंच. 'म्हातारी हितं सहाच देती. रस्ता सपाट, तरी सहाच. नगरचं पेट्रोल पातळ दिसतंय.' कंपाउंडरने ते मोठ्याने वाचलं. आम्ही पोट धरून हसलो आणि मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघेना.

आमच्याकडे नवी जीप आली. तिचा ड्रायव्हर तरुण, सज्जन, पायात बूट. पहिल्याच दिवशी आम्ही लसीकरणाला निघालो. मोठा चढ आला. गाडीचा वेग जरा कमी झाला, तशा सिस्टरबाई म्हणाल्या, "थांबवा." जीप थांबली आणि आम्ही चौघंही उतरून चालायला लागलो.

"काय झालं?" तो खिडकीतून डोकं काढून ओरडला. "अहो बसा की! गाडी आरामात चढंल!"

कुणीच वळलं नाही. शेवटी तो बिचारा रिकामी जीप घेऊन पुढे गेला आणि वर जाऊन थांबला. आम्ही धापा टाकत पोचलो. दार मात्र आमचं आम्हालाच उघडावं लागलं.