लेक साखऱ्याला होती तेव्हा

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या उन्हाळ्यात माझ्या मानेला गाठी आल्या. बोटांखाली हरभऱ्यासारख्या सरकायच्या. संध्याकाळ झाली की अंग तापायचं, बोटांचे सांधे सुजायचे. माझी लेक तेव्हा जेमतेम रांगत होती.

आखाडा बाळापूरच्या डॉक्टरांनी गाठी चाचपून टीबीचा संशय सांगितला. घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "लेकराला लागंल. तपासणी होईस्तोवर तुझ्या मायकडं धाडू."

मला रोज ताप येत होता. नाही कसं म्हणणार? आई साखऱ्याहून आली आणि लेकीला घेऊन एसटीत बसली. कुठं चाललो ते काही न कळून लेक खिडकीतून हसत होती.

मग दूध दाटून यायचं. न्हाणीत ते पिळून टाकताना मी तोंडात पदर कोंबायची. तिचं एक झबलं मी धुतलंच नाही, वासासाठी उशाशी ठेवलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी आधी सुई घालून पाहिलं. त्यातून नीट कळेना म्हणून एक गाठच काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा ते म्हणाले, "टीबी नाही, कॅन्सरही नाही. सूज आहे, पण कशानं, ते मला सांगता येत नाही. लक्ष ठेवू."

मी एवढंच विचारलं, "लेकराला जवळ घेऊ का?"

"दूर का ठेवलं? गाठींचा टीबी असता तरी तो असा जवळ घेतल्यानं लागत नाही, बाई."

सोबत आलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी तिथंच रडले.

दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेले. लेक ओसरीवर खांबाला धरून उभी होती. मला बघून खांब सोडला आणि चार पावलं टाकली, पण माझ्या आईकडं. ती चालायला लागली हे मला कुणी कळवलंच नव्हतं. मी हात पसरले. तिनं ओठ काढला आणि आईच्या लुगड्यात तोंड लपवलं.

"अगं, माय हाय तुझी. जा की," आई म्हणाली. लेक आली नाही. माझं दूधही तोवर आटलं होतं.

गाठी हळूहळू बसल्या, ताप गेला. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. लेकही पुन्हा माझी झाली. पण शाळेला सुट्टी लागली की साखऱ्याला पळायची. दुपारी आईच्या कुशीत झोपायची. मी शेजारी बसून तिच्या केसांवरून हात फिरवला, की झोपेतच ती आणखी आईकडं सरकायची.